संगीताच्या सॉफ्टवेअरमधला आवाज स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये कसा आणायचा

रीपर किंवा क्यूबेससारख्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडलेला असतो. ढोलकीचा ठेका, हार्मोनियमचा ट्रॅक, गाणं, सगळं हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू येत असतं. ओबीएस हा स्क्रीन रेकॉर्डर सुरू करून वीस मिनिटं समजावून सांगता आणि नंतर फाइल उघडून पाहता. पडद्यावरचं चित्र आलंय, तुमचं बोलणं आलंय, गाण्याचा मात्र मागमूस नाही.

यात काहीही बिघडलेलं नसतं. आवाज तुमच्या कानापर्यंत ज्या वाटेने आला, त्या वाटेवर रेकॉर्डर उभाच नव्हता, एवढंच झालेलं असतं. ही वाट एकदा कळली की पुढच्या पायऱ्या फार थोड्या आहेत. या लेखात मुख्यतः विंडोज आणि ओबीएस धरून सांगितलं आहे, कारण सर्वांत जास्त अडचण तिथेच येते. मॅकची पद्धत शेवटाकडे आहे.

आधी वाट समजून घ्या

ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, व्हॉट्सअॅप यांचा आवाज विंडोजच्या स्वतःच्या मिक्सरमधून जातो. हा मिक्सर म्हणजे गावातला चौक समजा. ओबीएसमधला 'डेस्कटॉप ऑडिओ' या चौकात उभा राहून ऐकतो.

संगीताची सॉफ्टवेअर मात्र बहुधा एसिओ नावाच्या पद्धतीने आवाज पाठवतात. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत आहे. कळ दाबल्यावर सूर ताबडतोब ऐकू यावा म्हणून एसिओ चौक टाळून बाह्यवळण रस्त्याने थेट ऑडिओ इंटरफेसपर्यंत (माइक आणि हेडफोन ज्याला जोडतो ते बाहेरचं साउंड कार्ड) जातं. त्यामुळे वाजवताना उशीर जाणवत नाही, पण चौकातल्या ओबीएसला काही ऐकू येत नाही. काही इंटरफेसचे ड्रायव्हर यूट्यूब आणि रीपर दोघांचा आवाज एकाच हेडफोनमध्ये देतात, आणि म्हणून दोन्ही एकाच वाटेने येत असावेत असं वाटतं. तसं नसतं. ते दोन आवाज इंटरफेसपाशी येऊन मिळालेले असतात, विंडोजमध्ये नाही.

तुमच्याकडे कोणती वाट आहे हे एका मिनिटात तपासता येतं. सॉफ्टवेअरमध्ये गाणं वाजत ठेवा, टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करा आणि व्हॉल्यूम मिक्सर उघडा. यादीत तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं तर आवाज विंडोजमधून जातोय आणि काम सोपं आहे. नाव नसेल तर आवाज बाह्यवळणाने चाललाय. ही तपासणी न करता लोक तासन्‌तास ओबीएसची सेटिंग्ज बदलत बसतात, म्हणून ती आधी कराच.

पहिला उपाय: ड्रायव्हर बदला

मिक्सिंग शिकवायचं आहे, प्लगइन दाखवायचा आहे, तयार प्रोजेक्ट वाजवून दाखवायचा आहे, पण थेट कीबोर्ड वाजवायचा नाही, अशा वेळी एसिओची गरजच नसते. नवं काही इन्स्टॉल करण्याआधी हा उपाय करून पाहा.

रीपरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस असं जा. 'ऑडिओ सिस्टिम'मध्ये एसिओच्या जागी वासापी (विंडोजची स्वतःची आवाज पाठवण्याची पद्धत) निवडा आणि मोड 'शेअर्ड' ठेवा. 'एक्सक्लुझिव्ह' चुकूनही निवडू नका, कारण त्यात सॉफ्टवेअर साउंड कार्डाचा पूर्ण ताबा घेतं आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. एबलटन लाइव्हमध्ये ड्रायव्हर टाइप 'एमएमई/डायरेक्टएक्स' करा. स्टुडिओ वनमध्ये हाच पर्याय 'विंडोज ऑडिओ' नावाने दिसतो.

एफएल स्टुडिओ वापरणाऱ्यांचं काम आणखी सोपं. ऑप्शन्समधल्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये 'एफएल स्टुडिओ एसिओ' निवडा. नावात एसिओ असलं तरी हा ड्रायव्हर शेवटी आवाज विंडोजच्या मिक्सरकडेच सोपवतो, त्यामुळे ओबीएसला तो मिळतो. याउलट 'एसिओ फोर ऑल' साउंड कार्ड स्वतःकडे अडकवून ठेवतो. तो चालू असताना बाकीचे आवाज बंद पडतात आणि रेकॉर्डिंगही होत नाही.

आता ओबीएस. सोर्सेसच्या चौकटीखालचं अधिकचं चिन्ह दाबा, 'अॅप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' निवडा आणि यादीतून तुमचं सॉफ्टवेअर घ्या. ही सोय ओबीएसच्या २८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून आहे. तिला विंडोज १० ची २००४ क्रमांकाची आवृत्ती किंवा त्यापुढची लागते (२००४ हे साल नव्हे). हिचा मोठा फायदा असा की फक्त त्या एका सॉफ्टवेअरचा आवाज येतो. मधेच आलेल्या मेसेजची टिंग रेकॉर्डिंगमध्ये शिरत नाही.

हा सोर्स घेतल्यावर सेटिंग्जमधल्या ऑडिओ विभागात जाऊन 'डेस्कटॉप ऑडिओ' डिसेबल करा. हे राहून गेलं तर तोच आवाज दोनदा नोंदला जातो. मग गाणं अकारण मोठं होतं आणि पोकळ, डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं.

या उपायाची मर्यादा एकच. मिडी कीबोर्डवर वाजवून दाखवायचं असेल तर कळ दाबल्यावर सूर उशिरा येतो आणि लय सांभाळता येत नाही. तेव्हा एसिओच हवं, आणि मग पुढचा उपाय.

दुसरा उपाय: इंटरफेसमधलं लूपबॅक

इंटरफेसमधून बाहेर जाणारा आवाज इंटरफेसनेच पुन्हा संगणकाकडे 'इनपुट' म्हणून पाठवायचा, याला लूपबॅक म्हणतात. एसिओ चालूच राहतं, वाजवताना उशीर होत नाही आणि ओबीएसलाही आवाज मिळतो. ज्यांच्या इंटरफेसमध्ये ही सोय आहे त्यांनी दुसरं काही शोधू नये. यापेक्षा भरवशाची पद्धत नाही.

पण लूपबॅक दोन प्रकारचं असतं आणि हा फरक माहीत नसल्याने बराच घोळ होतो. मोटू एम२ किंवा ऑडियंट ईव्हो ४ यांत लूपबॅकसाठी इनपुटची वेगळी जोडी मिळते. माइक एका जागी, संगीत दुसऱ्या जागी, नंतर दोन्हींची पातळी वेगवेगळी करता येते. स्टाइनबर्ग यूआर२२सी किंवा यामाहा एजी०३ यांत मात्र लूपबॅक चालू केलं की माइक आणि संगीत एकत्र कालवून एकच स्टीरिओ इनपुट म्हणून येतं. रेकॉर्डिंगनंतर त्यातून बोलणं वेगळं काढता येत नाही. या दुसऱ्या प्रकारात बोलणं आणि गाणं यांचं प्रमाण आधीच कानाने जुळवून घ्यावं लागतं.

पायऱ्या अशा:

१. इंटरफेसच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये (एजी०३ असेल तर खोक्यावरच्या स्विचने) लूपबॅक चालू करा.

२. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये इंटरफेसचा मूळ एसिओ ड्रायव्हर ठेवा आणि मास्टरचं आउटपुट १-२ वर ठेवा.

३. ओबीएसमध्ये 'ऑडिओ इनपुट कॅप्चर' हा सोर्स घ्या आणि डिव्हाइसच्या यादीतून लूपबॅकचं इनपुट निवडा.

४. माइकसाठी दुसरा 'ऑडिओ इनपुट कॅप्चर' घ्या. माइक आणि संगीत एकत्र येणाऱ्या इंटरफेसला हा दुसरा सोर्स लागत नाही.

५. गाणं वाजवा. ओबीएसच्या ऑडिओ मिक्सरमध्ये पट्टी हलली पाहिजे.

एक धोका इथे ठळकपणे सांगायला हवा. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या ट्रॅकचं इनपुट लूपबॅकच्या चॅनेलवर असेल आणि त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच ऐकवण्याची सोय) चालू असेल, तर आवाज गोल गोल फिरून क्षणात कर्कश किंचाळी उठते. माइक आणि संगीत एकत्र येणाऱ्या इंटरफेसमध्ये तर साध्या माइकच्या ट्रॅकवरही हे घडतं. हेडफोन कानात असताना ही किंचाळी कानाला खरोखर इजा करू शकते. लूपबॅक चालू करण्याआधी सगळ्या ट्रॅकचं रेकॉर्ड-आर्म आणि मॉनिटरिंग बंद करा आणि हेडफोनचा आवाज खाली आणा.

तिसरा उपाय: आभासी केबल

इंटरफेसमध्ये लूपबॅक नाही आणि ओबीएस जुनं आहे किंवा रेकॉर्डर दुसराच आहे, तर व्हीबी-केबल कामाला येते. ही संगणकातच तयार होणारी, डोळ्यांना न दिसणारी केबल आहे. तिच्या एका टोकाला 'केबल इनपुट' आणि दुसऱ्या टोकाला 'केबल आउटपुट' म्हणतात. इथे नावांची उलटापालट होते. संगीताच्या सॉफ्टवेअरचं आउटपुट 'केबल इनपुट'ला द्यायचं, आणि रेकॉर्डरने 'केबल आउटपुट'मधून घ्यायचं.

इन्स्टॉलर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि नंतर संगणक रीस्टार्ट करा. सॉफ्टवेअरमध्ये वासापी शेअर्ड ठेवून आउटपुट 'केबल इनपुट' करा. आता तुम्हाला हेडफोनमध्ये काहीच ऐकू येणार नाही, कारण सगळा आवाज केबलमध्ये गेलाय. त्यासाठी विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये रेकॉर्डिंगच्या टॅबवर 'केबल आउटपुट'चे गुणधर्म उघडा, 'लिसन'च्या टॅबमध्ये 'लिसन टू धिस डिव्हाइस'वर खूण करा आणि खालच्या यादीतून तुमचे हेडफोन निवडा.

व्हॉइसमीटर हे त्याच घरचं मोठं भावंड. त्यात स्वतःचा आभासी एसिओ ड्रायव्हर आहे, त्यामुळे क्यूबेससारखं फक्त एसिओ बोलणारं सॉफ्टवेअरही त्यातून नेता येतं. पण त्यात बटणं आणि वाटा इतक्या आहेत की नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी त्यात शिरू नये. वरचे उपाय खरोखर चालले नाहीत तरच त्याकडे वळा.

सॅम्पल रेट: एक आकडा, सगळीकडे

सॅम्पल रेट म्हणजे एका सेकंदात आवाजाचे किती नमुने नोंदले जातात तो आकडा. व्हिडिओच्या जगात ४८,००० हर्ट्झ हा रिवाज आहे. गाण्याचे प्रोजेक्ट अनेकदा ४४,१०० वर असतात. विंडोज आणि ओबीएस सहसा आपापसांत रूपांतर करून घेतात, पण एसिओ, लूपबॅक आणि आभासी केबल एकत्र आले की कुठेतरी गैरसमज होतो. मग टिकटिक, चरचर ऐकू येते, आवाज मधेच तुटतो किंवा पट्टीच बदलते. ४४,१०० चा आवाज ४८,००० समजून वाजवला गेला तर तो सुमारे नऊ टक्के वेगाने धावतो आणि जवळजवळ दीड सेमीटोन चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं. अशा गाण्याबरोबर कुणी पेटी वाजवून शिकायला बसलं तर त्याला सूर सापडणारच नाही.

म्हणून चार ठिकाणी एकच आकडा ठेवा: संगीताच्या सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट, इंटरफेसचं कंट्रोल पॅनेल, विंडोजच्या साउंडमध्ये त्या डिव्हाइसच्या गुणधर्मांतलं 'अॅडव्हान्स्ड' टॅब, आणि ओबीएसच्या सेटिंग्जमधला ऑडिओ विभाग. केबल वापरत असाल तर तिच्या दोन्ही टोकांनाही. ओबीएसमध्ये हा आकडा बदलल्यावर ते बंद करून पुन्हा उघडावं लागतं.

आवाजाची पातळी आणि वेगळे ट्रॅक

ओबीएसच्या मिक्सरमधली पट्टी उणे २० डेसिबलपर्यंत हिरवी, तिथून उणे ९ पर्यंत पिवळी आणि पुढे लाल असते. बोलणं पिवळ्यात राहू द्या. शिकवताना मागे वाजणारं संगीत हिरव्याच्या वरच्या टोकाला ठेवा, आणि फक्त गाणं ऐकवायचं असेल तेव्हा त्याची शिखरं उणे ६ च्या आसपास. शून्याला भिडू देऊ नका. दोन सोर्स वेगवेगळे ठीक दिसत असले तरी त्यांची बेरीज शून्याच्या वर जाऊन फाटू शकते, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. हळू नोंदलेला आवाज वाढवता येतो.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ट्रॅक वेगळे करणं. ऑडिओ मिक्सरमधून 'अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज' उघडा. तिथे प्रत्येक सोर्ससमोर १ ते ६ असे चौकोन आहेत. संगीताला १ आणि २ वर खूण करा, माइकला १ आणि ३ वर. मग सेटिंग्ज, आउटपुट इथे मोड 'अॅडव्हान्स्ड' करून रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये १, २, ३ या तिन्ही ट्रॅकवर खूण करा. आता पहिल्या ट्रॅकवर सगळं एकत्र, दुसऱ्यावर फक्त संगीत, तिसऱ्यावर फक्त बोलणं. गाण्यावर बोलताना आवाज दबला असेल तर एडिटिंगमध्ये दोन मिनिटांत सुधारता येतं. ही सोय फुकट आहे आणि पुढचे कित्येक तास वाचवते.

त्याच खिडकीत 'मोनो'चाही चौकोन आहे. इंटरफेसच्या पहिल्या इनपुटवर लावलेला माइक बऱ्याचदा फक्त डाव्या कानात येतो, आणि स्पीकरवर ऐकताना ते लक्षात येत नाही. माइकच्या सोर्सला मोनोची खूण करा. पातळी थोडी उतरेल, तेवढी वाढवून घ्या. संगीताला मात्र मोनो करू नका.

ऑडिओ बिटरेट ओबीएसच्या साध्या मोडमध्ये मुळात १६० केबीपीएस असतो. बोलण्याला तो पुरतो, पण झांजा, टाळ, तानपुऱ्याची जवारी यांना पुरत नाही. तो ३२० करा. फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा, म्हणजे वीज गेली किंवा संगणक बंद पडला तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं. एमपी४ हवी असेल तर फाइल मेनूतलं 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' काही सेकंदांत ती करून देतं.

पडद्याबद्दल दोन गोष्टी

'विंडो कॅप्चर' घेऊ नका, 'डिस्प्ले कॅप्चर' घ्या. प्लगइनच्या खिडक्या आणि उघडणारे मेनू हे स्वतंत्र खिडक्यांसारखे असतात. विंडो कॅप्चरमध्ये ते दिसतच नाहीत. तुम्ही इक्वलायझर फिरवत असता आणि बघणाऱ्याला स्थिर टाइमलाइन दिसत राहते.

सॉफ्टवेअरची अक्षरं १२५ किंवा १५० टक्के मोठी करा. आपल्याकडे बहुतेक जण असे व्हिडिओ फोनवर पाहतात.

नेहमीच्या अडचणी

*ओबीएसवर क्लिक करताच गाणं थांबतं.* काही सॉफ्टवेअर पाठीमागे गेली की साउंड कार्ड सोडून देतात. क्यूबेसमध्ये 'रिलीज ड्रायव्हर व्हेन अॅप्लिकेशन इज इन बॅकग्राउंड' आणि एफएल स्टुडिओत 'ऑटो क्लोज डिव्हाइस' बंद करा. रीपरमध्येही ऑडिओच्या प्रेफरन्सेसमध्ये असाच पर्याय आहे. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग सुरू-बंद करण्यासाठी हॉटकी लावून ठेवलीत तर खिडकी बदलायची वेळच येत नाही.

*बोलणं दुहेरी येतं.* तुमचा माइक संगीताच्या सॉफ्टवेअरमध्येही मॉनिटर होतोय आणि ओबीएसमध्येही थेट येतोय. एकीकडचा बंद करा.

*रेकॉर्डिंग सुरू होताच चरचर होते.* प्रोसेसरवर ताण आलाय. संगीताच्या सॉफ्टवेअरचा किंवा इंटरफेसचा बफर (आवाज एका वेळी किती सॅम्पलच्या तुकड्यांत पाठवायचा तो आकडा) २५६ वरून ५१२ सॅम्पल करा. ४८,००० हर्ट्झवर ५१२ म्हणजे जेमतेम ११ मिलिसेकंद, शिकवताना ते जाणवत नाही. ओबीएसमध्ये एन्कोडर (व्हिडिओ आवळून फाइल बनवणारा भाग) ग्राफिक्स कार्डाचा निवडा (एनव्हिडियाचा एनव्हीएन्क, इंटेलचा क्विकसिंक), आणि व्हिडिओ ३० फ्रेमवर ठेवा. टाइमलाइन दाखवायला ६० फ्रेम लागत नाहीत.

*चित्र आणि आवाज जुळत नाहीत.* मेट्रोनोम लावून, त्याचा लुकलुकणारा दिवा किंवा मीटर दिसेल असं दहा सेकंद रेकॉर्ड करा. एडिटरमध्ये उघडून ठोका आणि दिवा यांत किती फ्रेमचं अंतर आहे ते मोजा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. ते अंतर 'अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मधल्या 'सिंक ऑफसेट'मध्ये भरा. आवाज चित्राच्या आधी येत असेल तर अधिक आकडा, मागाहून येत असेल तर उणे. एकदा जुळलं की तीच सेटिंग्ज वापरेपर्यंत पुन्हा हात लावावा लागत नाही.

मॅकवर

मॅकवर एसिओची भानगड नाही, पण क्विकटाइमच्या किंवा कमांड-शिफ्ट-५ च्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये फक्त माइक निवडता येतो, सिस्टिमचा आवाज नाही. मॅकओएस १३ किंवा त्यापुढचं असेल तर ओबीएसमधला 'मॅकओएस स्क्रीन कॅप्चर' चित्राबरोबर आवाजही घेतो. पहिल्यांदा सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि ओबीएस पुन्हा सुरू करावं लागतं.

क्विकटाइमच वापरायचं असेल किंवा मॅक जुना असेल तर ब्लॅकहोल नावाचा मोफत आभासी ड्रायव्हर घ्या, २ चॅनेलचा पुरतो. 'ऑडिओ मिडी सेटअप' उघडा, डाव्या कोपऱ्यातल्या अधिकच्या चिन्हातून 'मल्टि-आउटपुट डिव्हाइस' तयार करा, त्यात तुमचा इंटरफेस किंवा हेडफोन आणि ब्लॅकहोल दोन्हींवर खूण करा. घड्याळ (दोन्ही डिव्हाइसनी ज्याच्या वेगाने चालायचं ते) इंटरफेसचं ठेवा आणि 'ड्रिफ्ट करेक्शन'ची खूण ब्लॅकहोलसमोर करा. नाहीतर लांब रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक यायला लागते. लॉजिक किंवा गॅरेजबँडमध्ये आउटपुट म्हणून हे नवं डिव्हाइस द्या, आणि रेकॉर्डरमध्ये माइकच्या जागी ब्लॅकहोल निवडा. मल्टि-आउटपुटवर कीबोर्डवरची आवाजाची बटणं चालत नाहीत. तो दोष नाही, इंटरफेसच्या नॉबने आवाज कमी-जास्त करा.

तयार गाणं दाखवायचं असेल तर

गाणं पूर्ण मिक्स झालेलं आहे आणि व्हिडिओत ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजताना दाखवायचं आहे, तर स्क्रीन रेकॉर्डरने घेतलेला आवाज अंतिम म्हणून वापरूच नका. तो फक्त खुणेपुरता ठेवा. सॉफ्टवेअरमधून गाणं ४८,००० हर्ट्झ, २४ बिट वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा, एडिटरमध्ये रेकॉर्डरच्या ट्रॅकखाली ठेवा, पहिल्या ठोक्याची लहर लहरीवर जुळवा आणि मग रेकॉर्डरचा ट्रॅक म्यूट करा. पहिल्या ठोक्यावर जुळल्यानंतर गाण्याच्या शेवटच्या समेवरही एकदा जुळवून पाहा. तिथे फरक दिसला तर कुठेतरी सॅम्पल रेट अजून वेगळा राहिला आहे.